सात महिन्यांचं बाळ घरी मृत जन्मलं, पुरलं आणि गुन्हा दाखल झाला: कबूल करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विट्याजवळच्या एका वाडीवर सातवा महिना चालू असलेली सून पहाटे घरीच बाळंत झाली. बाळ रडलं नाही, हललं नाही. घरच्यांनी उजाडायच्या आत ते ओढ्याकडेला पुरलं. भावकीशी बांधावरून जुनं भांडण आहे. तिसऱ्या दिवशी भावकीतल्या कुणीतरी जागेसकट ठाण्यात कळवलं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ९४ व ९१ खाली गुन्हा नोंदवला गेला. अंगावरून फार जात असल्यामुळे ती सध्या सरकारी रुग्णालयात आहे. ‘कबूल करून टाक, दंडावर सुटशील’ असं तिला सांगितलं जातंय. घरच्यांचा कोर्टावर विश्वास नाही, त्यामुळे त्यांनाही तेच सोपं वाटतंय.

कबूल करू नका. पहिलं कारण अगदी साधं आहे: आत्ता कबूल करून घ्यायला कुठलं कोर्ट बसलेलंच नाही. ‘गुन्हा कबूल आहे का’ हा प्रश्न तपास संपून दोषारोपपत्र आल्यावर विचारला जातो. आज कबुली मागणारा माणूस कोर्ट नव्हे, तो कागदावर सही मागतोय. दुसरं कारण, ‘दंडावर सुटेल’ हे बोलणं कलम ९४ एकटं असतं तर काही अंशी खरं ठरलं असतं. त्याची शिक्षा २ वर्षांपर्यंत किंवा दंड किंवा दोन्ही. पण सोबत ९१ आहे. ते सत्र न्यायालयात चालतं आणि त्याची शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. कायद्यात तिथेही ‘किंवा दंड’ हे शब्द आहेत, पण पोटातलं बाळ मारलं असं स्वतः म्हणणाऱ्या बाईला केवळ दंड होईल या भरवशावर कुणी राहू नये.

आता ही दोन कलमं नीट उघडून पाहू, कारण लोक समजतात त्यापेक्षा ती बरीच अरुंद आहेत.

कलम ९४ म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ३१८. बाळाचं प्रेत गुपचूप पुरून किंवा अन्य प्रकारे नाहीसं करून त्याचा जन्म जाणूनबुजून लपवणं, हा तो गुन्हा. बाळ जन्माआधी मेलं, जन्मताना की नंतर, याने फरक पडत नाही. पण पुरणं हा गुन्हा नाही. ‘जन्म लपवण्याचा हेतू’ हा गुन्ह्याचा गाभा आहे आणि तो सरकार पक्षाने सिद्ध करायचा असतो. आपल्याकडे तान्हं बाळ जाळत नाहीत, पुरतात. तेही फारसा गाजावाजा न करता, चार माणसांत, बहुतेकदा उजाडायच्या आत. दहावं-तेरावं नाही, सुतक वेगळं. हा रिवाज ज्याला माहीत नाही किंवा सोयीने विसरायचा आहे, त्याच्या पंचनाम्यात तो ‘रात्रीच्या अंधारात गुप्तपणे विल्हेवाट’ होतो. म्हणून बचाव या वाक्यापासून सुरू होतो: जन्म लपवला कुणापासून? ती गरोदर आहे हे आशाताईला माहीत होतं का, उपकेंद्रातल्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये नाव होतं का, माता-बाल संरक्षण कार्ड आहे का, सोनोग्राफी झाली होती का, मातृवंदना योजनेचा अर्ज भरला होता का? पहाटे १०८ ला फोन केला होता का? फोन केलेल्या मोबाईलमधली कॉलची नोंद आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १०८ कडची नोंद मिळण्यासाठी वकिलामार्फत अर्ज द्या. शेजारणीला हाक मारली असेल तर तिचं नाव लिहून ठेवा. जिने सात महिने सरकारी दप्तरात पोट दाखवलं, तिने बाळाचा जन्म लपवला हे म्हणणं कोर्टात टिकवणं अवघड जातं.

या कलमात ‘बाळ’ म्हणजे किती वाढ झालेलं, हाही मुद्दा असतो. जिवंत जन्मू शकेल इतपत वाढ झालेली असावी, हा जुना निकष आहे. चौथ्या महिन्यात पडलेला गर्भ पुरला म्हणून ९४ लावलेलं दिसलं, तर पहिला हल्ला तिथेच करायचा.

कलम ९१, जुनं ३१५, याला तीन पाय लागतात. जन्माआधी काहीतरी कृती, बाळ जिवंत जन्मू नये किंवा जन्मल्यावर मरावं असा हेतू, आणि त्याच कृतीमुळे तसं घडणं. कृती म्हणजे गोळी, काडी, औषध, मार, काहीतरी नेमकं. ‘जड काम करत होती’, ‘दवाखान्यात उशिरा नेलं’, ‘उपास करत होती’ ही कृती नव्हे. फिर्याद वाचताना पेन्सिलने खूण करा: नेमकी कृती कुठल्या ओळीत लिहिली आहे? पुष्कळदा एकाही ओळीत नसते.

मग ९१ लावतात तरी का? याचं उत्तर जामिनाच्या तक्त्यात आहे. बाईने स्वतः गर्भपात केला असा खरोखर संशय असेल तर सरळ लागू होणारं कलम ८८ आहे, जुनं ३१२. ते अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, म्हणजे एकट्या त्या कलमावर पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासही करता येत नाही. कलम ९४ दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. तिथे जामीन हा हक्क आहे आणि ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा; पुढे येणारी ४८२, १७९, १०५, ३३, २५०, २७४ आणि ५२८ ही कलमं त्यातलीच) कलम ३५(३) ची नोटीस द्यायची, हा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाचा दंडकही आड येतो. ९१ जोडलं की गुन्हा अजामीनपात्र होतो आणि ७ वर्षांची मर्यादाही ओलांडली जाते. तपासी अंमलदाराने वाईट हेतूनेच जोडलं असं नव्हे. ‘नंतर कमी करता येतं, आधी लावून ठेवू’ ही ठाण्यातली सवय आहे. त्या सवयीची किंमत बाळंतीण भरते.

अटक टाळायची असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात कलम ४८२ खाली लगेच द्या. अर्जात भावनेपेक्षा हे लिहा: प्रेत, जागा, कपडे, वैद्यकीय कागद सगळं पोलिसांच्या ताब्यात आलेलं आहे, जप्त करण्यासारखं काही उरलं नाही, आणि ती ओली बाळंतीण आहे. हिमोग्लोबिनचा आकडा आणि रक्ताच्या किती पिशव्या दिल्या ते रुग्णालयाच्या कागदासह जोडा. आणि अटक झालीच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ९१ सत्र न्यायालयात चालणारं असलं तरी त्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, म्हणून प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यालाही जामीन देता येतो. ‘सेशनची केस आहे, इथे होत नाही’ हे उत्तर गृहीत धरू नका, अर्ज लेखी द्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तिची शारीरिक तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.

जबाबाबद्दल. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर कलम १७९ प्रमाणे स्त्रीला घराबाहेर कुठेही हजर राहायची सक्ती नाही. आरोपी म्हणून नाव आलं असेल तर स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही लागत नाही. कुणी सही मागत असेल तर तो कागद वेगळाच काहीतरी आहे असं समजा. पोलिसांसमोरची कबुली पुरावा होत नाही, हे खरं आहे, पण त्याच कलमाला (साक्ष अधिनियम, कलम २३) एक खिडकी आहे: आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून ‘चल, जागा दाखव’ याला वजन असतं. तुमच्या प्रकरणात जागा भावकीने आधीच सांगितली होती. पोलिसांना माहीत असलेली जागा पुन्हा ‘शोधता’ येत नाही. निवेदन पंचनाम्याची (आरोपीने ‘जागा दाखवतो’ म्हटल्याच्या नोंदीची) वेळ आणि फिर्यादीची वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहा. कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करणं आता बंधनकारक आहे, ते मागा.

एक गोष्ट मात्र करू नका: बाळ झालंच नाही असं सांगू नका. गप्प राहणं हा हक्क आहे. खोटं सांगितलं की डीएनए अहवाल आल्यावर तेच खोटं हेतूचा पुरावा म्हणून वापरलं जातं.

पोलिसांच्या कागदाची सगळ्यांना भीती असते, पण खटला बहुतेक वेळा रुग्णालयाच्या केस पेपरवर उभा राहतो. डॉक्टरला सांगितलेलं हे पोलिसांना सांगितलेलं नसतं, त्यामुळे ते पुराव्यात येऊ शकतं. आणि सांगतं कोण? बाई अर्धवट शुद्धीत, दारात जाऊबाई किंवा रिक्षावाला. रात्रपाळीचा डॉक्टर घाईत ‘नातेवाइकांच्या सांगण्यानुसार गोळ्या घेतल्याचा इतिहास’ एवढं एका ओळीत लिहितो. गोळ्या कुठल्या, किती, कधी, कुणी पाहिल्या, यातलं काही नाही. म्हणून आजच केस पेपरची प्रत मागा. रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांचा नियम आहे. चुकीची ओळ दिसली तर खाडाखोड करायला लावू नका. तिच्या स्वतःच्या तोंडून पुन्हा माहिती घेऊन तारीख-वेळेसह नवी नोंद करावी, असा लेखी अर्ज द्या.

डॉक्टरांनाही एक सांगायला हवं. गर्भ आपोआप पडला की गोळीने, उपचार तेच असतात: रक्तस्राव, आत काही राहिलंय का, जंतुसंसर्ग. आणि नागरिकांनी स्वतःहून पोलिसांना कळवायच्या गुन्ह्यांची जी यादी कलम ३३ मध्ये आहे, तिच्यात ८८ पासून ९४ पर्यंतचं एकही कलम नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पोक्सोचं कलम १९ लागतं. तेव्हाही कायदेशीर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने तिची ओळख कळवायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे. एरवी एमएलसीचा (पोलिसांना कळवायचं प्रकरण असा) शिक्का मारण्याआधी दोनदा विचार करावा.

आता शवविच्छेदन. इथे थोडा वेळ थांबतो, कारण वकिलांचंही इथेच दुर्लक्ष होतं.

बाळ मृत जन्मलं की जन्मून मेलं, यावर सगळं फिरतं. जिवंत जन्मल्याचा शेरा आला तर ९१ वरून गोष्ट थेट खुनाच्या कलम १०३ वर जाऊ शकते. आईच्या पोटात मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नाही, पण बाळाचा कुठलाही भाग बाहेर आलेला असताना घडवला तर तो होऊ शकतो, असं कलम १०० चं तिसरं स्पष्टीकरण सांगतं. आणि जिवंत-मृत ठरवण्यासाठी अजूनही वापरली जाते ती फुप्फुसाची पाण्यातली चाचणी. सतराव्या शतकापासून चालत आलेली. श्वास घेतलेलं फुप्फुस तरंगतं, न घेतलेलं बुडतं, असं तिचं गृहीतक.

ती नीट करायची तर अशी: आधी दोन्ही फुप्फुसं अखंड पाण्यात, मग एकेक, मग एकेक खंड, मग प्रत्येकाचे १२ ते २० तुकडे. तरंगणारे तुकडे काढून कापडात किंवा स्पंजमध्ये दाबायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. सोबत यकृताचा एक तुकडा टाकायचा. यकृत श्वास घेत नाही, म्हणून ते तरंगलं तर समजायचं की कुजण्याचे वायू शिरले आहेत आणि चाचणी बाद. ग्रामीण रुग्णालयातल्या अहवालात बऱ्याचदा एकच वाक्य असतं: ‘लंग्ज फ्लोट इन वॉटर’. तुकडे किती, दाबले का, यकृताचं काय झालं, काही नाही. उलटतपासणीत हे तीनच प्रश्न विचारले तरी पुरतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उकरून काढलेल्या प्रेतावर, त्यातही उन्हाळ्यात, ही चाचणी करणं म्हणजे उत्तर आधी ठरवून गणित मांडण्यासारखं आहे. आणि आणखी एक. बाळ हललं नाही की घरातली बाई काय करते? पाठीवर थोपटते, पाय धरून उलटं करते, तोंडात फुंकर घालते. त्या फुंकरीने मृत जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात हवा जाऊ शकते. तुमच्या घरी कुणी फुंकर मारली असेल तर वकिलाला आज सांगा, दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी नको. उलट बाजूही आहे: अपुऱ्या दिवसांचं जिवंत बाळ असलं तरी फुप्फुस बुडू शकतं. म्हणजे ही चाचणी दोन्हीकडून फसते.

फुप्फुसाच्या वजनाचे आकडेही अहवालात येतात: श्वासाआधी ३०–४० ग्रॅम, नंतर ६०–७०. हे आकडे पूर्ण दिवसांच्या बाळाचे आहेत. सात महिन्यांच्या बाळाला लावलेले दिसले तर हरकत घ्या.

जास्त भरवशाची खूण वेगळी आहे. बाळ पोटातच मरून काही तास गेले असतील तर कातडी सुटते, फोड येतात, शरीर मऊ पडतं आणि काही दिवस गेले असतील तर कवटीची हाडं एकमेकांवर चढतात. ही शेवटची खूण एक्स-रेत दिसते. ती बाकीच्या खुणांसोबत असेल तर बाळ जन्माआधीच गेलं असं म्हणायला भक्कम आधार मिळतो. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जन्माच्या तासाभर आधी गेलेल्या बाळात या खुणा यायला वेळच मिळत नाही. म्हणून शवविच्छेदनाआधी अर्ज द्यायचा की प्रेत मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागाकडे पाठवावं, चिरण्याआधी पूर्ण एक्स-रे काढावा, फुप्फुसाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासावेत आणि वार (प्लॅसेंटा) मिळाली असेल तर तीही. शवविच्छेदन उरकून गेलं असेल तर त्याचं चित्रीकरण, फोटो आणि राखून ठेवलेले नमुने मागा. पुरलेलं प्रेत उकरायला कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे सहसा तहसीलदार, हजर लागतात. त्यांच्या पंचनाम्याची प्रत वेगळी मागावी लागते.

बाळाचं वय लांबीवरून काढतात. पाच महिन्यांनंतर टाळूपासून टाचेपर्यंतच्या सेंटिमीटरला ५ ने भागलं की महिने येतात, ३५ सेंमी म्हणजे ७ महिने. शिवाय घोट्याजवळच्या हाडांत हाड तयार होण्याची कुठली केंद्रं दिसतात ते पाहतात. टाचेच्या हाडातलं पाचव्या महिन्यात, घोट्याच्या हाडातलं सातव्या महिन्यात येतं. ‘सात महिने’ हा सासूचा हिशोब आणि हा हिशोब जुळतो का, ते पाहून घ्या.

डोक्यावर मार दिसला तरी घाबरून जाऊ नका. एकटी, उभ्याने किंवा उकिडवी बसून भरकन बाळंत झाली तर बाळ जमिनीवर पडतं आणि कवटीला तडा जाऊ शकतो. अशा वेळी नाळ ओढली जाऊन तुटते आणि तिचं टोक फाटलेलं, वेडंवाकडं असतं. कात्रीने किंवा विळ्याने कापलेलं सरळ असतं. अहवालात नाळेच्या टोकाचं वर्णन आहे का, ते पाहा. मानेवरचा वळ गळा दाबल्याचा असू शकतो, तसाच नाळेच्या वेढ्याचाही, आणि एकटीने बाळ बाहेर ओढताना तिच्याच बोटांचाही.

आईकडचा पुरावा तर रुग्णालयात पलंगावरच आहे आणि रोज थोडा थोडा निसटतोय. रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, साखर, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि आरएच, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), थायरॉईड हे सगळं तपासून घ्या, आधीच्या कार्डावरच्या नोंदींशी ताडून पाहा. मृत बाळामागे वाढलेला रक्तदाब, वार सुटणं, मधुमेह, जंतुसंसर्ग अशी कारणं नेहमी आढळतात. कार्डावर सहाव्या महिन्यात रक्तदाब १५०/१०० लिहिलेला सापडला तर त्या एका ओळीला दहा साक्षीदारांइतकं मोल आहे. वार घरी पडली असेल तर बहुधा पुरली असेल. रुग्णालयात पडली असेल तर १० टक्के फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे गेली का, ते विचारा.

नवरा, सासू आणि ती, तिघांना एकच वकील देऊ नका. हे घरच्यांना आवडणार नाही, पण सांगतो. आधीच्या दोन मुली असतील आणि हा गर्भ मुलीचा निघाला, तर प्रकरणात गर्भलिंग निदानाचा कायदा शिरू शकतो. त्या १९९४ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की बाईला चाचणीसाठी नवऱ्याने किंवा नातेवाइकांनीच भाग पाडलं असं गृहीत धरायचं. तिच्या संमतीशिवाय गर्भपात घडवला असेल तर कलम ८९ आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षेचं, आणि त्यात ती आरोपी नसते, पीडित असते. म्हणजे तिचा बचाव आणि नवऱ्याचा बचाव एका टप्प्यावर समोरासमोर उभे राहू शकतात. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये एका बाईचा गर्भपातात मृत्यू झाला आणि तपासात ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. तिथे अटक डॉक्टरला झाली. त्यानंतर आपल्या भागात ओढ्याकाठी काही सापडलं की लगेच तेच प्रकरण डोळ्यांपुढे येतं. पण त्या कायद्याचा रोख चाचणी करणाऱ्यावर आणि दबाव आणणाऱ्यावर आहे. घरात एकटी बाळंत झालेल्या बाईवर नाही.

वकिलाचा खर्च हा अडथळा नसावा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला समिती, दूरध्वनी १५१००. सत्र खटल्यांसाठी लोक अभिरक्षक कार्यालयातले वकील असतात. ‘फुकटचा वकील’ म्हणून नाक मुरडू नका. शवविच्छेदनाच्या अहवालावर प्रश्न काढून दिले तर तेही नेटाने लढतात.

ऊसतोडीला आलेल्या बाईवर हीच वेळ आली तर अडचण दुप्पट होते. बाळंतपण कोपीत, कार्ड गावाकडच्या उपकेंद्रात, साक्षीदार पट्टा पडला (हंगाम संपला) की परत, आणि जामिनाला ‘स्थानिक जामीनदार आणा’. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितलं आहे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार मिळाला नाही तर ती निर्धन आहे असं धरून वैयक्तिक बंधपत्रावर सोडायचं असतं. टोळीतल्या बायकांचे जबाब त्या गावी जाण्याआधीच नोंदवावेत, असा अर्ज तपासी अंमलदाराला द्या.

राहिला विश्वासाचा प्रश्न. तुमचा अविश्वास अकारण आहे असं म्हणणार नाही. एल साल्वादोर या देशात गर्भ गमावलेल्या बायकांना खुनाच्या कलमाखाली ३० वर्षांची शिक्षा झालेली आहे. तशा एका प्रकरणात, बाई शिक्षा भोगत असताना वारल्यावर, आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारला दोषी धरलं आणि रुग्णालयाने तिची माहिती पोलिसांकडे दिल्याबद्दलही ताशेरे ओढले. आपल्याकडे छत्तीसगडच्या एका खटल्यात गावात एकट्या राहणाऱ्या बाईला नवजात बाळाच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. पाण्यात सापडलेलं बाळ तिचंच होतं, हे कुणी सिद्धच केलं नव्हतं. ती एकटी होती आणि गरोदर होती, एवढ्यावर दोन न्यायालयं थांबली होती. तो निकाल वकिलाला वाचायला द्या. पण त्यातलं दुसरंही पाहा: सुटायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

म्हणून विश्वास नसेल तर नसू दे, कागद मात्र मागत राहा. अविश्वासापोटी लोक कार्ड जाळतात, कपडे धुतात, बाईला माहेरी दडवतात, सांगायचं ते सांगत नाहीत आणि नको तिथे सही करतात. नेमकं तेच पुढे ‘लपवलं’ म्हणून वाचलं जातं. दोषारोपपत्र आल्यावर सत्र न्यायालयात खटला वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत कलम २५० खाली दोषमुक्तीचा अर्ज द्यायचा असतो. ही मुदत नवी आहे आणि वकीलही ती चुकवतात. ९१ गळून एकटं ९४ उरलं तर खटला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडे समन्स पद्धतीने चालतो. तिथे ‘कबूल आहे का’ विचारतात त्याच टप्प्यावर आरोप निराधार वाटला तर मुक्त करायचा अधिकार कलम २७४ च्या नव्या परंतुकाने दंडाधिकाऱ्याला दिला आहे. तो मागा, मान डोलावू नका. गुन्हाच रद्द करून घ्यायचा तर कलम ५२८ खाली उच्च न्यायालय. सांगली-साताऱ्याच्या लोकांना त्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे.

या आठवड्यातलं शेवटचं काम ग्रामपंचायतीत आहे. २८ आठवड्यांचं किंवा त्यापुढचं बाळ मृत जन्मलं तर जन्म-मृत्यू निबंधकाकडे, म्हणजे गावात ग्रामसेवकाकडे, नमुना ३ भरून २१ दिवसांत कळवायचं असतं. २८ आठवड्यांच्या आतलं असेल तर अशी नोंद नसतेच. तुमची २१ दिवसांची मुदत अजून संपलेली नाही. आठवडे किती भरतात ते कार्डावरच्या शेवटच्या पाळीच्या तारखेवरून मोजा, फॉर्म वकिलाला दाखवूनच द्या, मृत्यूचं कारण डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर तिथे स्वतःचा अंदाज लिहू नका, आणि पोच घ्या.